सोडलेली भाकर

इंद्रभान माझा धाकटा चुलतभाऊ. धनजला आमची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. त्याच्याविषयी लिहावे असे त्याने काही केलेले नाही, आणि मला ते नीट सांगता येईल की नाही, हेही ठाऊक नाही. शेत, गुरे, शनिवारी मारोतीला तेल, आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही, असा तो माणूस. मुलगा विकास पुण्याला. घरात तो आणि बायको सोजरबाई.

गेल्या वर्षी सोजरबाईच्या उजव्या हाताच्या बोटांवर पांढरा डाग उठला. कारंजाच्या डॉक्टरांनी कोड म्हणून सांगितले, मलम दिले, हे एकाचे दुसऱ्याला लागत नाही असेही बजावले. इंद्रभानने मान हलवली. पण त्याच आठवड्यात त्याने भाकर सोडली. पोट जड होते म्हणाला आणि भात मागू लागला.

भात पळीने वाढता येतो. भाकर हातानेच थापावी लागते. सोजरबाईने मनाशी काय ते ओळखले आणि काही विचारले नाही. ती स्वतःपुरती भाकर टाकी. तव्यावर ती फुगली, की हा उठून बाहेर ओट्यावर येऊन बसे. तेही तिने पाहिले. हळूहळू ती हात पदराखाली धरून वावरू लागली, हळदीकुंकवाला जाईनाशी झाली. त्या घरातून भांड्यांचा तेवढा आवाज येई.

एके दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन बाहेर आली. मी ओट्यावर होतो. मी नात्याने भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणून ती माझ्यासमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी पदर सावरून बोलली, पण नवऱ्याशी. अनसिंगला भावाकडे चालली होती, परत न येण्यासाठी.

"तुमाले माह्या हाताची किळस येते. तोंडानं सांगतलं असतं, तर मी कवाच गेलो असतो."

इंद्रभान गोठ्याच्या दारात उभा होता. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. ती वळली, चार घरे ओलांडून गेली. मग तो अनवाणीच मागे धावला.

"इकासची माय, थांब. मारोतीले बोललो होतो. तुहा डाग जाईपर्यंत भाकर खाणार नाही म्हून. सांगतलं की नवस फुकट जाते. आता गेला."

ती थांबली.

"मारोतीले? त्या ब्रह्मचाऱ्याले? त्याले बायकोचं काय समजते? बोलाचं होतं, तर लगन झालेल्या देवाले बोलाचं. नाही तर मले."

एसटी निघून गेली. ती रडत होती, पण पिशवी तिने त्याच्या हातात दिली.

डाग गेलेला नाही. आता तिसऱ्या बोटावरही आहे. तो म्हणतो, नवस फोडल्यामुळे पसरला. ती म्हणते, मलम वेळेवर आणत नाही म्हणून. रोज सकाळी यावरून दोघे मोठमोठ्याने भांडतात, आणि मला माझ्या घरात शब्दन् शब्द ऐकू येतो.