वहिनीच्या दिव्यासमोरचा कागद

वहिनीबद्दल मी लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून दादा म्हणाला, "तूच लिही." पण जिच्याविषयी लिहायचं, तिचा मी तीन-चार वर्षं मनातल्या मनात हेवा केला. तेव्हा आधीच माफी मागतो... वाचणाऱ्यांची, आणि तिचीही. सुलभावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, काही आठवड्यांपूर्वी काविळीने गेली.

बनारसला राजा घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. बाबा मराठी यात्रेकरूंकडे स्वयंपाकाला जात. मला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी कुठूनसं एक जुनं टेबल डोक्यावर घेऊन आणलं आणि आल्यागेल्याला सांगितलं, "हे आमच्या प्रोफेसरसाहेबांचं!" त्याच वर्षी वहिनी सागरहून लग्न होऊन आली. सातवीपर्यंत शिकलेली. शेजारची मुन्नीचाची दिव्यावर काच वितळवून मणी करायची, ते बघून वहिनीने तेच शिकायचं मनावर घेतलं. वाऱ्याने ज्योत हलली की काच काजळते, आणि नदीकडचा वारा पोचत नाही असा कोपरा घरात एकच होता, माझ्या टेबलाचा. बाबांनीच त्या टेबलावर पत्रा ठोकला. वर रॉकेलचा दिवा, खाली पायाने दाबायचा भाता, वितळलेली काच गुंडाळायला पातळ मातीत बुडवून वाळवलेल्या तारा, आणि तयार मणी सावकाश निवावेत म्हणून गरम राखेचं मडकं. मी पुस्तकं घेऊन जिन्यात बसायला लागलो.

"भावोजी, तुमची जागा घेतली ना मी?"

"छे, जिन्यातच उजेड चांगला येतो," मी म्हणालो. जिन्यात खिडकीसुद्धा नव्हती.

मण्यांच्या व्यापाऱ्याकडून पांढऱ्या काचेच्या कांड्या मिळाल्या होत्या. तिला त्यावर हिरवे ठिपके हवे होते, आणि कुठली काच घ्यावी हे तिने मला विचारलं, मी सायन्सवाला म्हणून. "काच ती काच, त्यात काय बघायचं?" असं ऐटीत सांगून मी सरबताची एक फुटकी हिरवी बाटली आणून दिली. मणी सुरेख झाले. सकाळी राखेतून काढले तर प्रत्येक ठिपक्याभोवती तडा, काहींचे सरळ दोन तुकडे. मुन्नीचाची हसली, "अभी हाथ कच्चा है, बहू." वहिनीने मान डोलावली. बाटली मी आणली होती, हे तिने सांगितलं नाही. मीही नाही. खोटं कशाला लिहू... मला बरं वाटलं होतं.

पुढे कॉलेजच्या लायब्ररीत मला कारण सापडलं. सगळ्या काचा निवताना सारख्या आकसत नाहीत. एक जास्त आकसली की दुसरीला ओढते आणि मणी फुटतो. तिला कळावं म्हणून मी ते सोप्या मराठीत एका कागदावर उतरवून घेतलं. त्याच दिवशी पहिल्या वर्षाचा निकाल होता, मला फर्स्ट क्लास मिळाला होता. घरी आलो तर बाबा पाहुण्यांना वहिनीने केलेली पांढऱ्या मण्यांची माळ दाखवत होते. "अहो, हात बघा आमच्या सूनबाईचे! आणि हा आमचा जिन्यातला प्रोफेसर." सगळे हसले, मीसुद्धा हसलो. निकालाचं त्या दिवशी कुणी विचारलं नाही. खिशातला कागद मी फिजिक्सच्या पुस्तकात घालून ठेवला.

त्यानंतर सहा-सात महिने तिचे रंगीत मणी फुटत राहिले. बोटांना चटके बसायचे, ती चटक्यावर कणीक थापून पुन्हा भाता दाबायची. मी जिन्यातून बघायचो. एका दुपारी तिने हाक मारली. दोन काचांची टोकं ज्योतीत एकत्र वितळवून तिने चिमट्याने लांब धागा ओढला होता. निवता निवता तो धागा धनुष्यासारखा वाकला.

"बघितलंत? वाकला की समजायचं, ही दोघं एका घरात नांदायची नाहीत. सरळ राहिला तर खुशाल मणी करा."

माझ्या कागदावरचं सगळं तिने धाग्यात पकडलं होतं.

"योगायोग असेल," मी म्हणालो.

"असेल बाई," ती म्हणाली, आणि दुसरा धागा ओढायला घेतला.

त्या दिवसापासून तिचे मणी फुटले नाहीत. गल्लीतल्या बायका तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. मी बी.एस्सी. झाल्यावर जुनी पुस्तकं घरीच ठेवून पुढच्या शिक्षणासाठी अलाहाबादला गेलो. एसटीडी बूथवरून फोन केला की शेजारच्या दुकानात ती धावत यायची, "भावोजी, जेवता ना वेळेवर?" मी रांग मोठी आहे म्हणून फोन ठेवायचो.

शेवटचा पेपर देऊन खोलीवर आलो तेव्हा दारात दादाचं पत्र पडलं होतं. "सुलभा गेली. पंधरा दिवस झाले. तुझी परीक्षा संपेपर्यंत कळवायचं नाही, अशी शपथ तिने घातली होती. टेबल आहे तसंच ठेवलंय. दिव्यासमोरच्या भिंतीवर तुझ्या अक्षरातला, काचा का फुटतात ते लिहिलेला कागद तिने चिकटवलाय, धुराने पिवळा झालाय. शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला आधी तोच हिंदीतून वाचून दाखवायची. म्हणायची, आमच्या भावोजींनी लिहून दिलाय मला. तू तिला कधी दिलास रे तो? आम्हाला कधी सांगितलं नाहीस."