मापाचा कोट आणि मामांची दुनळी

माझ्या सासऱ्यांची दुनळी बंदूक माझ्या मापाची आहे.

हे ऐकून लोकांना वाटतं, सासऱ्यांनी ती जावयासाठी हौसेने बसवून घेतली असेल. तसं काहीही नाही. ती माझ्या मापाची झाली एका कोटामुळे, आणि तो कोटसुद्धा माझा नव्हता!

इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते, आणि मी साताऱ्याकडून येऊन त्यातल्याच एका औषधाच्या कारखान्यात वजनमापाच्या खात्यात चिकटलो होतो. (होय, वजनमापाच्याच!) लग्न झालं पुनावळ्याच्या मुलीशी. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. मामा बुटके, रुंद, मान नावाचा अवयव जवळजवळ नाहीच. आणि मिशा अशा, की बोलताना आधी मिशा हलत आणि मग आवाज येई. जावई म्हणून मी त्यांना फार भीत असे.

त्याहून जास्त मी त्यांच्या बंदुकीला भीत असे. खडकीच्या छावणीतला कुणी साहेब विलायतेला परत जाताना मामांनी ती विकत घेतली होती. पिकांच्या राखणीसाठी परवानाही रीतसर काढला होता. दसऱ्याला तिला झेंडूची माळ, संक्रांतीला तिळगूळ. गावातली माणसं ओसरीवर आली की आधी भिंतीवरच्या बंदुकीकडे बघून हात जोडत, मग मामांकडे बघत.

तिच्यात एकच उणीव होती. तिने आजवर काहीही मारलं नव्हतं!

दरवर्षी भुईमूग भरला की डोंगरातली रानडुकरं शिवारात उतरत. मामा राखणीच्या माळ्यावर चढत, बार काढत, डुकरं निवांत निघून जात, आणि दुसऱ्या दिवशी मामांचा उजवा गाल वांग्यासारखा होई. बार ऐकला की सकाळी लोक येत ते डुक्कर बघायला नव्हे, गाल बघायला. शेवटी त्या वर्षी गावच्या बैठकीत तात्यांनी तोंड उघडलं. तात्या म्हणजे गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. त्यांच्या शब्दाबाहेर मामाही जात नसत.

"हे बग, या हंगामात डुक्कर पडलं तर ठीक. न्हाई तर नदीपल्याडच्या गावची बंदूक राखणीला बोलवायची."

मामा घरी आले आणि जेवलेच नाहीत. "परक्या गावची बंदूक आपल्या शिवारात? मग ही भिंतीवरली काय खुंटी म्हनून ठिवायची? आन् मी बी तिच्याच शेजारी टांगून घिऊ का?" एवढा दांडगा माणूस असा हरलेला पाहून मला खरंच वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी सल्ला देतो, ही माझी जुनी खोड आहे.

"मामा, चिंचवडला एक उस्ताद आहेत. ते बंदूक माणसाच्या अंगाला बसवून देतात."

"अंगाला? बंदूक काय अंगरखा हाय व्हय?"

कारखान्यात ऐकलेलं होतं नव्हतं ते सगळं मी त्यांना सांगितलं. मामांना पटलं. आता मामांनी उठून चिंचवडला जायचं, एवढंच बाकी होतं. पण त्या घरची एक रीत होती. तिथे माणूस मापाला जात नसे, माप जात असे! शिंप्याकडे मापाचा कोट जाई, चांभाराकडे जुनं पायताण जाई. मापाला उभं राहणं हे पोराटोरांचं काम, असं मामांचं ठाम मत होतं. त्यातून त्या दिवशी त्यांचा गाल बाजारात नेण्यासारखा नव्हता.

"माप घिऊन जावा," असं म्हणून त्यांनी ट्रंकेतून काळा कोट काढून माझ्या हातात दिला. "आजवर ह्याच्यावरच समदं शिवलंय. कदी चुकलं न्हाई."

मी बंदूक गोधडीत गुंडाळून सायकलच्या दांडीला बांधली, परवाना सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला, कोट मागे अडकवला आणि निघालो. (गोधडीतून नळ्यांची टोकं बाहेर आली होती. त्या दिवशी रस्त्यात एकाही बैलगाडीने माझी वाट अडवली नाही.)

उस्तादांच्या दुकानात पाऊल टाकलं आणि मी आपोआप चपला काढल्या. भिंतीला अक्रोडाच्या लाकडाचे ठोकळे, कोपऱ्यात शेगडी, सगळीकडे जवसाच्या तेलाचा वास. मध्ये उस्ताद. मेंदीने रंगवलेली दाढी, भलंमोठं पोट, आणि पाण्याचा पेला मागितला तरी हुकूम सोडल्यासारखा आवाज.

"या! मोठेमोठे सरदार या जागी मापाला उभे राहून गेलेत. काय आणलंय?"

मी बंदूक दिली. उस्तादांनी ती उघडून रिकामी असल्याचं पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग डोळे मिटून दस्त्यावरून, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागावरून, हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"साहेब उंच होता," डोळे मिटूनच ते म्हणाले. "गाल बसलेले. आणि डावखुरा! हे लाकूड बघा, उलट्या बाजूला वळवलंय. उजव्या हाताच्या माणसाने उडवली तर दरवेळी थोबाडीत मारणार ही. मारते ना?"

ज्या साहेबाला कधी पाहिलंही नव्हतं, तो या माणसाने लाकडातून बाहेर काढून समोर उभा केला होता! मामांचा गाल मला डोळ्यांपुढे दिसला. इतकी वर्षं बिचारे एका डावखुऱ्या इंग्रजाचा मार खात होते.

"मारते," मी म्हणालो. "फार मारते."

"मग बसवू. माणूस कुठाय?"

मी कोट पुढे केला.

उस्तादांनी कोटाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. कोट उलटा करून आत कुणी आहे का, तेही पाहिलं. "अरे भाऊ, ह्या कोटाला डोळा कुठाय? गाल कुठाय? आज कोट पाठवला, उद्या डोळा रुमालात बांधून पाठवाल! बंदूक बसवायची म्हणजे हात, मान, गाल आणि डोळा, सगळं समोर लागतं. शिंप्याचं चुकलं तर सदरा ढगळ होतो. माझं चुकलं तर काय होईल?"

मी घाबरून कोट अंगावर चढवला, आणि काय सांगू! कोट मला असा बसला, की जणू माझ्याच बारशाला कापड आणून ठेवलं होतं. बाह्या बरोबर मनगटापर्यंत. खांदे चोख. माझी खात्री पटली, की मामा आणि मी एकाच मापाचे. मामा माझ्या दुप्पट दिसतात हे मला दिसत होतं, नाही असं नाही; पण ते धोतर-उपरण्याचा घोळ असेल, अशी मी मनाची समजूत घातली. कोटापुढे डोळ्यांचं काय चालणार? (वजनमापाचं खातं!)

"मीच उभा राहतो," मी म्हणालो. "माप तेच आहे."

"विचार करून बोला. ज्याचं माप, त्याचीच बंदूक. मग दुसऱ्या कुणाच्या हातात ती चालणार नाही."

"चालेल हो. घरचीच आहे."

पुढे जे झालं ते आजही मला जसंच्या तसं दिसतं. उस्तादांनी मला डोळे मिटून रिकामी बंदूक खांद्याला लावायला सांगितली. मग "उघडा!" मी उघडले. ते माझ्या डोळ्यात बघत, मान हलवत, कानशीने लाकूड उतरवत. पुन्हा मिटा, पुन्हा उघडा. मग उकळत्या तेलात भिजवलेल्या चिंध्या त्यांनी दस्त्याच्या मानेला गुंडाळल्या, आणि लाकूड तापल्यावर दोन्ही हातांनी दाब दिला. ते वाकलं! अक्रोडाचं सुकलेलं, टणक लाकूड माझ्यासमोर हळूहळू माझ्या गालाकडे वळलं. मला हात जोडावेसे वाटले, पण हातात फडकं धरायला दिलं होतं.

शेवटी त्यांनी बंदूक पुन्हा माझ्या हाती दिली. मी डोळे मिटून ती उचलली, डोळे उघडले, आणि समोर भिंतीवरच्या ज्या खिळ्याकडे माझी नजर गेली, त्याच खिळ्यावर नळी होती. नजर खिडकीकडे गेली, नळी खिडकीकडे. मी काहीच करत नव्हतो. माझे हात, खांदा आणि डोळे आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकांना विचारून वागत होते.

"आता नेम धरायचा नाही," उस्ताद म्हणाले. "फक्त बघायचं. जिथे बघाल तिथे बार जाईल."

मी पुनावळ्याला परतलो तो गाणं म्हणतच. मामांनी देवाला नमस्कार केला, बंदूक उचलली, खांद्याला लावली. दस्ता दंडावर जाऊन बसला. त्यांनी गाल टेकवायला मान वाकवली, पण वाकवायला मान होतीच कुठे?

"जावईबापू," मामा आतून कुठून तरी बोलले, "मला निस्तं लाकूड दिसतंय."

माझी बायको दारात उभी होती. "अहो, कोट कुणी घालून बघितला?"

"मी. अगदी नेमका बसला."

"बसणारच! बाबांच्या लग्नातला कोट आहे तो! शिंपी त्याच्यावर दोन्हीकडून वीतभर सोडून शिवतो!"

"मग मला सांगायचं नाही?"

"त्यात काय सांगायचं? सगळ्यांना माहीत आहे!"

मी तसाच उलटपावली चिंचवडला गेलो. उस्ताद म्हणाले, "उतरवलेलं लाकूड आता काय खळीने चिकटवू? नवा दस्ता करायला पुढचा पावसाळा उजाडेल." मी मान खाली घालून परत आलो. भुईमूग काढणीला आला होता. मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मिशा हलल्या, मग आवाज आला.

"बंदूक तुमच्या अंगाची. तवा बार बी तुमीच काढायचा."

मी दिवाळीत फुलबाजीसुद्धा लांब धरणारा माणूस! पण मामांचा चेहरा बघून नाही म्हणवेना. दिवेलागणीच्या सुमारास मी माळ्यावर चढलो. शेजारी मामा. लांब बांधापलीकडे तात्यांसकट गाव हलगी आणि डुक्कर बांधून न्यायला भलामोठा वासा घेऊन बसलं होतं. माझी सायकल खालच्या बांधाला टेकवलेली होती, तोंड पिंपरीकडे करून. (दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट होती, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.)

भुईमूग हलला, आणि डुक्कर बाहेर आलं. रानडुक्कर एवढं मोठं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं! मानेवरचे केस उभे, सुळे बाहेर, आणि अंगात असा काही रुबाब, की शेत त्याच्या नावावर आणि आम्ही चोर. मी आ वासून बघत राहिलो.

"जावईबापू, हाना!" मामा कुजबुजले.

मी बंदूक उचलली. ती खांद्याला अशी लागली की कळलंही नाही. आणि ऐन त्या घटकेला डुकराने वर पाहिलं. मी बार काढला.

धडाम! पाठोपाठ खालून घंटीचा आवाज आला आणि काहीतरी कोसळलं. डुक्कर डोंगराकडे उधळलं. माझ्या गालाला साधा धक्काही लागला नव्हता. मी खाली पाहिलं. माझी सायकल आडवी पडली होती!

गाव धावत आलं. तात्यांनी कंदील सायकलवर धरला. सीटच्या चिंध्या झाल्या होत्या. तात्या बराच वेळ वाकून बघत राहिले, मग मामांकडे वळले.

"आता खरं सांग. बंदूक चुकली का जावई चुकला?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतकी वर्षं भिंतीवर मिरवलेली ती बंदूक होती. बंदूक चुकली म्हणालो असतो, तर माझी अब्रू वाचत होती आणि उद्या सकाळी नदीपलीकडची बंदूक गावात येत होती. मला गाल सुजवून मुकाट्याने माळ्यावरून उतरणारे मामा दिसले.

"बंदूक अजिबात चुकली नाही, तात्या," मी म्हणालो. "मी बघत होतो तिथेच बार गेला."

"मग डुक्कर सोडून सायकलीकडं कशाला बघत व्हता?"

"पळून जायचं होतं."

मग तात्या खाली बसले ते हसण्यासाठी, आणि त्यांच्या मागोमाग गाव. हलगी आणलीच होती. वासाही आणलाच होता. तो फुकट कशाला न्यायचा, म्हणून त्यांनी माझी सायकल चारही बाजूंनी वाशाला बांधली आणि वाजतगाजत गावात नेली. बायकोने मला दारात ओवाळलं. ती इतकी हसत होती की निरांजन दोनदा विझलं. मामांनी बंदूक स्वतःच्या उपरण्याने पुसली आणि भिंतीवर टांगताना माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या मिशा हलल्या, पण आवाज काही आला नाही.

सीटमधले छर्रे बघायला आठवडाभर लोक येत होते. "बगा, एक बी छर्रा भाईर न्हाई!" मामा प्रत्येकाला सांगत. परक्या गावची बंदूक बोलवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. उलट पुढच्या हंगामात तात्यांनी माझी सायकल मागून नेली आणि रानडुकरांच्या येण्याच्या वाटेवर नीट उभी करून ठेवली. मग माळ्याखाली येऊन मला बजावलं, "जावईबापू, तुमी फकस्त पळून जायचा इचार करा. बाकीचं बंदूक बगंल!"