लाल गाडी शेवंतीच्या दारात थांबली

सावंतवाडीत माझा फोटो स्टुडिओ आहे. रोलचे दिवस होते तेव्हा लोक ‘फोटोत भूत आलंय’ म्हणून निगेटिव्ह घेऊन यायचे... आणि मी त्यांना दाखवायचे, बघा, कॅमेऱ्यात उजेड शिरलाय. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण हे भर दुपारी, लोकांच्या देखत घडलं. म्हणून लिहितेय.

२००४ चा मे महिना. मालवणहून देवबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तारकर्लीच्या थोडं पुढे माझ्या सुमनमावशीचं घर. मागच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या शेडमध्ये, तिच्या नवऱ्याची, म्हणजे अण्णाकाकांची गाडी — इंग्लंडमध्ये बनलेली, लाल, दोन सीटची, उघड्या टपाची. गोव्यातल्या एका कुटुंबाकडून काकांनी ती हौसेनं घेतली होती. काका जाऊन कैक वर्षं झाली, गाडी ताडपत्रीखाली तशीच. त्या सुट्टीत मावशीनं मला बोलावलं.

“गाडी चालू करूक व्हयी,” ती म्हणाली. “मेकॅनिक नको. घरचा माणूस व्हया.”

मला स्कूटरचा प्लग पुसण्यापलीकडे काही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी माझे सगळे पाने बोल्टवरून घसरले — गाडीचं माप इंचात, माझे पाने मिलिमीटरचे! मावशीनं काकांची पेटी काढून दिली. खाऱ्या वाऱ्यानं ब्रेक गंजून बसले होते. मी ते उघडले, रबरं बदलली. मावशी पेडल दाबायची आणि मी चाकापाशी बसून पाइपातली हवा काढायचे. कार्बुरेटर दोन. कानाला रबरी नळी लावून दोघांचा फुसफुसाट सारखा ऐकू येईपर्यंत स्क्रू पिळत राहायचं... इंजिन धडधडलं त्या दिवशी मी मांगरात नाचले. मावशी हसली नाही. बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, “आता तो येतलो.”

तो म्हणजे बाबलशेट, काकांचा जिवलग मित्र. माझ्या लहानपणी दोघं या गाडीतून जात असताना वळणावर सावित्री नावाच्या कोळणीला धडक बसली. ती जागीच गेली. काकांच्या डोक्याला मार लागला, त्यांना त्यातलं काहीच आठवेना. बाबलशेटनं सगळ्यांना सांगितलं, गाडी अण्णा चालवत होता. काकांनी ते खरं मानलं, तुरुंग भोगला आणि खंगून गेले. मावशीनं मात्र ते दोघं निघताना फाटकातून पाहिलं होतं... स्टिअरिंगवर बाबल होता. पण बायकोचं कोण ऐकतो?

आणि खरंच आला तो. आता त्याचं किनाऱ्यावर रिसॉर्ट होतं, दारात ठेवायला जुनी गाडी हवी होती — पाहुणे फोटो काढतील म्हणे. मावशीनं आजवर त्याला फाटकाच्या आत घेतलं नव्हतं. त्या दुपारी म्हणाली, “ये. बस. चलवूची सीट खंयची ती तुका म्हायत आसा.”

तो कसनुसा हसला आणि बसला.

गाडी मी मांगराबाहेर अंगणात ढकलून ठेवली होती. साफसफाईसाठी डिस्ट्रिब्युटर उघडून आतला रोटर काढला होता. अंगठ्याएवढा तुकडा, पण तो नसेल तर ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही. तो माझ्या हातात होता. चावी मावशीच्या कमरेला.

इंजिन सुरू झालं.

मी हातातल्या रोटरकडे बघतच राहिले. गाडी हलली, फाटकातून रस्त्याला लागली. वेग माणसाच्या चालण्याइतकाच. मी मागे धावले. ब्रेकचे दिवे लालभडक पेटलेले, म्हणजे तो पेडल जीव खाऊन दाबत होता... आणि चाकं फिरतच होती. तिथला रस्ता सपाट आहे. घरंगळायला उतार नाही.

“हात सुटणत नाय!” बाबलशेट ओरडत होता. “सोडय माका! अण्णा, सोडय रे!”

टपरीवरचे लोक बाहेर आले. एकानं दार ओढून पाहिलं, उघडेना. मावशी माझ्या मागून सावकाश चालत येत होती. अजिबात घाई नव्हती तिला.

त्याच वळणावर सावित्रीची मुलगी शेवंती दारासमोर सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, पसरत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. इंजिन मात्र चालूच.

“मीच चलयत होतंय!” बाबलशेट हंबरला. “तुझ्या आवशीक मी मारलंय गो! अण्णा बाजूक बसलेलो!”

शेवंती उभी राहिली. “परत सांग,” ती म्हणाली. “मोठ्यान सांग. सगळ्यांका आयकान येवंदे.”

तो परत बोलला. तिनं पुन्हा बोलायला लावलं. त्याचा आवाज फुटेपर्यंत बोलायला लावलं. मग इंजिन आपोआप बंद पडलं, दार उघडलं आणि तो मातीत कोसळला. उचलायला कोणीही पुढे झालं नाही. मीसुद्धा नाही.

घरी आल्यावर मावशीनं विचारलं, “रडलो मां तो?” तिनं स्वतः पाहिलं होतं, तरी विचारलं.

“रडला.”

“खूप?”

“खूप.”

“बरा झाला,” ती म्हणाली, आणि पाटावर बसून तिनं पोटभर जेवण केलं.

बाबलशेट त्याच पावसाळ्यात रिसॉर्ट सोडून मुलीकडे निघून गेला. कायद्यानं पुढे काही झालं नाही. पण त्याच्या जिभेनं जे सगळ्यांसमोर कबूल केलं, ते परत गिळता येणार नव्हतं. अंथरुणाला खिळलाय, अजून जिवंत आहे, असं ऐकते.

बेळगावच्या, पणजीच्या मेकॅनिकना मी विचारलं. रोटर नसताना इंजिन चालू शकतं का? सगळे हसतात. मग ती गाडी कोणी चालवली... काकांनी? सावित्रीनं? की मावशीच्या एवढ्या वर्षांच्या रागानं? मला आजही माहीत नाही. एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या वळणाच्या पुढे रस्ता थेट खाडीच्या काठाला लागतो. गाडीला तिथवर जाता आलं असतं, त्याला बुडवता आलं असतं. ती अलीकडेच थांबली. जे कोणी स्टिअरिंगवर होतं, त्याला बाबलशेट जिवंत हवा होता.