चढावर धरलेली गाडी

आमच्या गाडीची क्लचप्लेट वरचेवर जळायची. गाडी जुनी, पुष्कळ रस्ता पाहिलेली. पण दोष तिचा नव्हता. चालवायची माझी बायको. कशेळ्याच्या पलीकडे एका शाळेत ती शिक्षिका होती, आणि खालापूरहून रोज जाऊन येऊन करायची. मला गाडी येत नव्हती. शनिवारी मला सुट्टी असे, तेव्हा मीही सोबत जायचो आणि शाळा सुटेपर्यंत गाडीत वाचत बसायचो.

कशेळ्याच्या अलीकडे चढावर आंब्याचं एक झाड आहे. पाड्यांवर जाणाऱ्या बाया तिथे जीपची वाट बघत उभ्या असतात. कोणी दिसलं की ती थांबायचीच. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची, आणि बाईचं बोचकं आत येऊन दार लागेपर्यंत पाय जागचा हलवायची नाही. मग हळूहळू जळका वास यायचा.

दहिवलीचा मेकॅनिक चिडायचा. "बाई, हँडब्रेक काय तोरण बांधायला दिलाय?"

"तो ओढला की कर्रकन वाजतो रे. बाईला वाटतं, आपल्यापायी हिचा खोळंबा झाला. मग 'जावा तुमी' म्हणते आणि उभीच राहते. गाडी निघायच्या बेतात दिसली की पटकन बसते."

"म्हंजे त्यांचा संकोच जावा म्हणून माझी प्लेट जाळता."

"तुझंच गॅरेज चालतंय ना त्यावर?"

त्याने बसवलेली शेवटची प्लेट तिने जेमतेम काही दिवस वापरली. मग ती आजारी पडली आणि दिवाळीच्या आधी गेली.

गाडी विकायची नाही, एवढंच मला त्या दिवसांत कळत होतं. म्हणून चालवायला शिकलो. चढावर थांबताना हँडब्रेक लावायचा असं शिकवणाऱ्याने सांगितलं, आणि मी तो लावत आलो.

परवा क्लच जड लागायला लागला. प्लेट गेली, असं धरूनच मी दहिवलीला गेलो. मेकॅनिकने केबलला तेल दिलं आणि एक चक्कर मारून आला.

"प्लेट नव्यासारखी हाय, सर. तुमच्या हातात ती जायची नाय."

तो चांगल्या मनाने बोलला होता. मी बरं म्हणालो. थोडं पुढे गेल्यावर समोरचं नीट दिसेना, म्हणून गाडी कडेला घेतली. तिने जाळलेल्या प्लेटा कधीच भंगारात गेल्या होत्या. तिच्या पायाखालची ही एक उरली होती, आणि या प्लेटवर तिची काहीच खूण नव्हती.

घराकडे वळवेना. ती गेल्यापासून कशेळ्याच्या रस्त्याला मी गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो.

आंब्याखाली एक म्हातारी पाटी घेऊन उभी होती. मी थांबलो, हँडब्रेक ओढला. तो कर्रकन वाजला.

"बसा, मावशी."

"नको रं बाबा. जा तू. माझी जीप येल."

"मी तिकडेच चाललोय."

"नको, तुझा खोळंबा कशाला."

मी हँडब्रेक खाली केला. गाडी मागे घसरली आणि बंद पडली.

"आरं आरं, मारतोस काय मला!"

पुन्हा चालू केली. क्लच सोडत सोडत एका जागी आलो, तिथे गाडी थरथरली आणि थांबून राहिली. म्हातारीने पाटी मागे ठेवली, घाईघाईने शेजारी बसली, दार ओढून घेतलं आणि गाडीभर नजर फिरवली.

"ही तर बाईंची गाडी. बाई कुठं हायेत?"

जळका वास यायला लागला होता.

"गेल्या," मी म्हणालो.

पुढचा रस्ता मोकळा होता. तरी मी पाय जागचा हलवला नाही, गाडी तिथेच अर्ध्या क्लचवर धरून ठेवली.