न फाडलेली सोळा पानं

स्वखर्चाने छापलेली कादंबरी म्हणजे आपल्याच लग्नात आपणच वाजवलेला ताशा, हे माझं मत अमळनेरच्या वाचनालयात सगळ्यांना पाठ झालं होतं. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि मला कादंबरीकार व्हायचं होतं. झालो नव्हतो, म्हणून मतं फार होती.

सहा वर्षं खपून मी एक कादंबरी लिहिली आणि पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. बाड सुताने बांधलं आणि वर गाठ मारली. आमच्याकडे कडब्याची पेंढी बांधतात ना, तीच गाठ. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यालाच ती मारता येते आणि त्यालाच सोडता येते. चार महिन्यांनी बाड परत आलं. सोबत चिठ्ठी: भाषा बोजड, कथानक विस्कळीत. आणि गाठ? गाठ माझीच! मेल्यांनी ती सोडलीसुद्धा नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. न उघडता मत देतात, लाज कशी वाटत नाही? महिनाभर मी ते बाड काखोटीला मारून फिरलो आणि भेटेल त्याला ती गाठ दाखवली.

सगळ्यात शांतपणे ऐकून घेतलं ते कापसाच्या जिनातल्या एका कारकुनाने. संध्याकाळी तो वाचनालयात यायचा तेव्हा त्याच्या केसांत कापसाचा भुगा असायचा. गाठीवरून बोट फिरवून तो म्हणाला, "हाई काही बरं नही, मास्तर." माणूस भला, असं मला तेव्हा वाटलं.

दोन वर्षांनी या भल्या माणसाने कादंबरी लिहिली, आणि कोणाला न विचारता इथेच छापून घेतली. लग्नपत्रिका आणि जिनाच्या पावत्या छापणाऱ्या छापखान्यात! मुखपृष्ठाला कुंकू लावून प्रत घेऊन तो माझ्या घरी आला. "पहिली देवापुढं ठेवली, ही दुसरी तुमची." मी वा वा म्हणालो. पोटात मात्र असं दुखलं की मूठभर ओव्यानेही थांबलं नसतं.

त्या छापखान्यात कडा कापायचं यंत्र नव्हतं. पानं एकमेकांना जोडलेलीच राहिली होती, वाचणाऱ्याने चाकूने फाडत पुढे जायचं. आता याच्यासाठी मी चाकू हातात घ्यायचा? माझा चाकू त्यापेक्षा आंबा कापेल! पुस्तक फाकवून जेवढी पानं आपोआप दिसली तेवढी पाहिली आणि फडताळात टाकून दिलं.

पण मत द्यायला तेवढं पुरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. वाचनालयात मी पुस्तकाची पिसं काढली. पात्रं म्हणे अहिराणी बोलतात! चुलीपुढची भाषा कधी कादंबरीत आणतात का? (माझी आई तीच बोलायची. आणि ही गोष्ट मला सुचली नाही, याचाच खरा राग होता.) मग मी कथानकाकडे वळलो. "नायिका आत्ता विहिरीवर, आणि पान उलटलं की सासरी! मधे काय तिला भुताने उचलून नेलं?" सगळे हसले. तो कोपऱ्यात पेपर धरून बसला होता.

लोक हसले खरे, पण वाचायचं कोणी सोडलं नाही. शिंपी वाचत होता, पोस्टमन वाचत होता. आमच्या घरात पुस्तक असूनही मी फडताळाला हात लावू देत नव्हतो, म्हणून बायकोने शेजारणीची प्रत आणली आणि चुलीपाशी बसून चक्क रडली. माझं दुसरं प्रकरण ऐकताना हिला झोप लागली होती. मी जळत होतो, दुसरा शब्द नाही.

रविवारी सकाळी तो दारात उभा. हातात आणखी एक प्रत.

"मास्तर, तुमच्या प्रतीत पानांचा एक फॉर्म बांधायचा राहून गेला वाटतं. विहीर आणि सासर यांच्यामध्ये सोळा पानं आहेत. चूक माझीच. ही घ्या दुसरी, आणि ती द्या परत."

मी काही बोलायच्या आत बायकोने फडताळातून पुस्तक आणून त्याच्या हातात दिलं. त्याने कडेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा थांबला. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"परीक्षांचे पेपर होते, भाऊ," मी म्हणालो. "वेळच मिळाला नाही."

त्याने खिशातून चाकू काढला, ओसरीवर मांडी घातली आणि एकेक पान फाडायला बसला. अगदी सावकाश, कुठे वेडंवाकडं फाटू नये म्हणून. शेवटचं पान झाल्यावर पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

"राग नका धरू. पण तुमची ती गाठ पाहिली, म्हणून मी माझं बाड पुण्याला पाठवलंच नाही. म्हटलं, गावातले निदान उघडून तरी पाहतील."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला, वहाणा घातल्या आणि पायरीवर थांबला.

"तुमचं बाड द्या ना मला. मी वाचतो. मीबी शेतकऱ्याचा पोर शे, ती गाठ मला सोडता येते."

इतकी वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते हेच. आणि मी म्हणालो, "अजून थोडं काम बाकी आहे."

काम कसलं बाकी? भीती वाटली. याने वाचलं आणि याचंही मत पुण्यासारखंच निघालं तर?

तो गेल्यावर मी ती सोळा पानं वाचली. मुलगी सासरी निघाली आहे. बोरी नदीपाशी ती गाडीवानाला म्हणते, थांब, तहान लागली. तहान नसते. ओंजळ भरते आणि तशीच सोडून देते, पुन्हा भरते, पुन्हा सोडते, आणि गाडीवान सगळं समजून बैलांना चारा टाकत बसतो. मी तिथेच पुस्तक मिटलं. मला असं लिहिता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन हे सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. गेलो, पेपर वाचला आणि घरी आलो. त्याने पुन्हा कधी बाड मागितलं नाही. या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. गाठ अजून तशीच आहे. पुण्याच्या लोकांना ती सोडता आली नाही, आणि ज्याला येत होती त्याला मी दारातून परत पाठवलं.