अमळनेरला, चौसष्ट कोअरच्या घरी

धुळ्याहून निघालेली एसटी अर्धी रिकामी होती. खिडकीची काच तापलेली, बाहेर कपाशी उपटून मोकळी झालेली काळी रानं. मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये चोपड्याकडच्या एका गावाचं गणित होतं: सातपुड्याच्या पायथ्याशी बंधारा कुठे घातला तर पाणी जास्त विहिरींपर्यंत मुरेल? पावसाआधी गावाला जागा ठरवायची होती. पुण्यातल्या माझ्या एकटीच्या खोलीत ते गणित दिवसेंदिवस चाले आणि मध्येच बंद पडे. मोठं यंत्र भाड्यानं घेणं आमच्या लहानशा संस्थेला झेपणारं नव्हतं.

अमळनेरला नाना राहतात. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ओळख फक्त फोनवरची. कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला चौसष्ट कोअरचा, म्हणजे एका वेळी चौसष्ट गणितं चालवू शकणारा सर्व्हर त्यांनी विकत घेतला होता. ‘या, वापरा,’ म्हणाले होते.

सर्व्हर स्वयंपाकघरात होता, गॅसच्या जागी. पत्नी गेल्यापासून इथे स्वयंपाक होत नाही, नानांनी सांगितलं, आणि घरातली थंड खोली हीच. पिठाच्या गिरणीसारखा आवाज चालला होता. यंत्र स्वस्तात मिळालं, पण वीज आणि कूलर मिळून पेन्शनला चांगलंच भोक पाडतात, असंही ते म्हणाले.

एरवी यावर काय चालवता, असं मी विचारलं.

“काही नाही. नुसतं चालू ठेवतो,” ते म्हणाले. “घर फार शांत असतं.”

माझं गणित सुरू केलं, तर एकच कोअर राबत होता आणि बाकीचे बसून. माझा प्रोग्राम एका वेळी एकच पायरी चढणारा. मग आम्ही नकाशाचे तुकडे केले. प्रत्येक कोअरला एक तुकडा, आणि शेजारशेजारच्या तुकड्यांनी हद्दीवरची पाणीपातळी एकमेकांना कळवायची. गंमत म्हणजे चौसष्टांपेक्षा बत्तीस कोअरवर काम लवकर होऊ लागलं. जास्त तुकडे केले की कळवाकळवीतच वेळ जाई. नाना पहिल्यांदाच हसले.

शेजारच्या अक्कांकडे माझी झोपायची सोय होती. त्यांनी कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडदाच्या पिठाची) आणि ठेचा आणून दिला. “नानास्ना घर कोनी येत नही आते,” त्या हळूच म्हणाल्या. “बरं व्हयनं तू उनी.” (नानांच्या घरी आता कोणी येत नाही. बरं झालं तू आलीस.)

दुपारी वीज गेली आणि झालेलं सगळं काम पुसलं गेलं. दारी आलेल्या पाहुणीचा अपमान झाल्यासारखे नाना पुन्हा पुन्हा माफी मागत राहिले. मीच संकोचले. अधूनमधून काम साठवायची सोय करून आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या सकाळी उत्तर आलं. गावानं धरलेल्या जागी पाणी गोट्यांतून विहिरींना चुकवून निसटून जाणार होतं. वरच्या अंगाला ते मुरणार होतं. मी गावातल्या आबांना फोन केला. बंधाऱ्यासाठी पुढाकार त्यांनीच घेतला होता. त्यांनी जागेची खूण दोनदा विचारून घेतली.

“वरनी जागा ते मनीच शे, बुडी जाई,” मग म्हणाले. “तरी सांगस बठ्ठास्ले.” (वरची जागा तर माझीच आहे, बुडून जाईल. तरी सांगतो सगळ्यांना.)

मी निघायच्या आधी नानांनी उत्साहानं इंटरनेटची जोडणी करून दिली. पुण्यातून काम पाठवायचं, इथे ते चालेल, उत्तर तिकडे मिळेल.

“आता तुम्हाला इथवर यायची गरजच नाही,” ते म्हणाले. मग माझी पिशवी उचलून दारापर्यंत आले.

पुण्याच्या खोलीचं कुलूप काढत होते तेव्हा त्यांचा फोन आला. पोहोचलात का? पोहोचले. जेवलात का? जेवेन आता. कामाचं बोलण्यासारखं दोघांकडेही काही उरलं नव्हतं. मी दिवा लावला, पिशवी ठेवली, कॉटवर बसले. पलीकडे नाना खाकरले, खुर्ची सरकवल्याचं ऐकू आलं. फोन दोघांनीही ठेवला नव्हता.