न हलणारा हात

अठ्ठ्याण्णव साली शशिधर भावजींनी दारू सोडली आणि माझी जाऊ दानेश्वरी मंगळवार पेठेत मिरवायला लागली. आमच्या मालकांची काही सुटत नव्हती; मी नुसती जळायचे. ते तर धाकट्या भावाचं कौतुक ऐकलं की खवळायचे. शेवटी भावजींनीच आम्हाला त्यांची दारू सोडवणाऱ्या डॉक्टरकडं नेलं.

“सकाळी हात थरथरतात?” डॉक्टरांनी मालकांना विचारलं.

“न्हाय की! पूजेला गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतो, जरासुद्धा हलत न्हाय. ह्यानं सोडली तवा ह्याचाच हात लटलट कापत होता!”

“पूजेआधी घेता?”

“एकच गलास. त्याबिगर हात थांबतोय व्हय?”

“मग आजार भावापेक्षा पुढं गेलाय.”

मी भावजींच्या हाताकडं बघितलं. दानेश्वरीच्या नवऱ्याचा हात. काही न पिता गुडघ्यावर गप पडला होता.